हरितश्वासाची भिंत

"जुनं नाव पूर्ण खरवडा. एक अक्षरही दिसता कामा नये," कंपनीचे अंकुरसाहेब म्हणाले.

इनायतुल्ला पेंटरने मान हलवली आणि पत्र्याचा तुकडा घेऊन शिडीवर चढला. 'वज्रनाद कोल पॉवर'. फाटकाशेजारच्या भिंतीवरची ती अक्षरं त्यानंच कधीकाळी काढली होती. आता तिथं मोठं हिरवं पान यायचं होतं, आणि पानावर नवं नाव, 'हरितश्वास ऊर्जा'.

श्वास म्हणे! कोळसा तोच, बॉयलर तोच, धुराडं तेच. आवारात चार सोलर पाट्या उभ्या केल्या आणि कंपनी झाली सोवळी. करून करून भागला आणि देवपूजेला लागला! इकडे शिवारात कापूस फुटायचा तोच राखाडी, आणि इनायतुल्लाची नात नगमा उशीला टेकून बसल्या बसल्या श्वास ओढायची. धुराड्याला गाळणी बसवा, अशी गावाची तक्रार होती. उद्या अमरावतीहून समिती येणार होती. राख बंद झाली असं तिनं ठरवलं, की तक्रार मिटली आणि गाळणीही गेली.

आणि त्याच समितीसाठी हा माणूस भिंत सजवत होता.

फाटकापाशी झाडणाऱ्या माणिकबाईला राहवलं नाही. "इनायतभाई, शरम वाटते का काई? घरात लेकरू धापा टाकून राह्यलं, आन तुमी त्याइच्या तोंडाले पावडर लावून राह्यले!"

"काम हाय, बाई."

"आग लागो तुमच्या कामाले!"

तो ब्रश झटकत राहिला. फ्लेक्स आल्यापासून त्याचा धंदा बसला होता, हे कबूल. पण म्हणून माणसानं इतकं खाली यावं? गावात कुणी त्याच्या सलामाला उत्तरही देईना.

दुपारी घरी त्याची बायको नसीमबानो वेगळ्याच कारणानं तडकली. "चटणीचं जवसाचं तेल कुठं गेलं? बाटलीच नाई!"

"रंगाले नेलं."

"कच्चं तेल? ते वाळते तरी का? दुकानात पेंटाचं तेल भेटते ना!"

"घाई नाई," तो म्हणाला आणि नगमाच्या पाठीवरून हात फिरवून पुन्हा भिंतीकडे गेला.

संध्याकाळी साहेब भिंत बघायला आले. वर हिरवंगार पान, खाली सगळं पांढरं स्वच्छ. साहेब खूश झाले. "पण पानाखाली हे मधेच काय चकाकतंय?"

"तेलाचा हात मारला, साहेब. ओलं हाय. राख बसंल तिथं."

साहेब हसले. "राख? अहो, ती बंद झाली! उद्या तेच तर दाखवायचंय."

"मंग काई भेव नाई, साहेब."

साहेब अकोल्याच्या हॉटेलात समितीची सोय बघायला गेले. दिवसभर बंद ठेवलेलं धुराडं अंधार पडल्यावर नेहमीसारखं सुरू झालं.

सकाळी समिती यायच्या आधी माणिकबाईला भिंत झटकायचा हुकूम होता. ती पुटपुटत, शिव्या देत स्टुलावर चढली. कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसू लागली तशी रात्रीची राख भुरभुर खाली पडली. पुसता पुसता तिचा हात थांबला. मग तिनं आणखी जोरात पुसलं, खाली उतरली, फडकं कमरेला खोचलं आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या इनायतुल्लाजवळ जाऊन म्हणाली, "चहा घेता का, इनायतभाई?"

गाड्या आल्या. भिंतीकडे पाठ करून अंकुरसाहेबांनी हात पसरले. "बघा! नवं नाव, नवी कंपनी. राखेचा एक कणसुद्धा आता आमच्याकडून..."

समितीतलं कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. त्यांनी मागं वळून पाहिलं. हिरव्या पानाखाली, पांढऱ्या भिंतीवर, राखेच्या जाड काळपट अक्षरांत, पूर्वीच्याच वळणानं लिहिलं होतं: 'वज्रनाद कोल पॉवर'.