आठवरचा खटका

"लागला?" डॅशबोर्डखालून लुएलानं विचारलं.

इंजिन चढून पुन्हा मंदावलं होतं. तिनं हात वर करून नवऱ्याच्या गुडघ्यावर चापट मारली. तो खाली वाकला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघत पुन्हा विचारलं, "दिवा लागला का, व्हर्लिन?"

"नाही!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या गाडीपाशी सँडविच खात बसलेला डेल्बर्ट वळून बघायला लागला.

इंडियानातलं भर दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना मका आणि मधे पाव मैलाची सरळ डांबरी पट्टी. दर शनिवारी शर्यतीसाठी जोडीजोडीनं गाड्या तिच्यावरून सुटायच्या. व्हर्लिनची पाळी आता आलीच होती. लुएलाची पाठ आखडून गेली होती. साठी उलटलेल्या माणसानं गाडीच्या पोटात असं उलटं पडून राहावं, ही काय रीत झाली?

काचेखाली चिकटवलेला तो लाल दिवा व्हर्लिननं बाजारातून आणला होता. इंजिनाचे फेरे ठरलेल्या आकड्याला पोचले की दिवा पेटणार, आणि पेटला की वरचा गिअर टाकायचा. पोरंटोरं असले दिवे लावायची तेव्हा, गिअर इंजिनाच्या आवाजावरूनच टाकायचा म्हणत हाच त्यांची टर उडवायचा.

"काय रे व्हर्लिन," डेल्बर्टनं तोंडातला घास न गिळताच विचारलं, "दिवे लावतात त्यांच्या कानात बोळे असतात म्हणायचास ना? मग आता तुझे कान कुठे गेले?"

आसपासचे हसले. व्हर्लिनही हसला, पण सगळ्यांचे दात दिसल्यावर. ते फक्त लुएलाच्या लक्षात आलं.

नवरा जन्मभर ऐकून न ऐकल्यासारखं करत आला होता. त्यामुळे आता त्याला खरंच ऐकू येत नाही, हे कळायला तिला वर्ष लागलं. जेवायला हाका मारून तिचा घसा बसायचा. डॉक्टरचं नाव काढलं की हा अंगणात निघून जायचा. आणि मागच्या शनिवारी इंजिन किंचाळत होतं तरी यानं गिअर टाकलाच नाही. इंजिन जळता जळता वाचलं. क्लच अडकला, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. काल मात्र गपचूप हा दिवा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "उद्या हा लागला नाही, तर गाडी विकून टाकतो."

किती वर्षं ती याच वाक्याची वाट बघत होती.

लुएलाची उमेदीची सगळी वर्षं कारखान्यात गाड्यांच्या वायरी बांधण्यात गेली होती. तिनं लाल वायरला टेस्ट लॅम्प लावला. करंट येत होता. अर्थिंगची काळी वायर व्हर्लिननं पत्र्याच्या रंगावरच आवळून टाकली होती. तिनं रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि बोल्ट पुन्हा बसवला. त्यानं रेस दिली तरी दिवा ढिम्म. इंजिनाच्या कॉइलकडे जाणारी हिरवी वायर चाचपली, ती कुठे तुटलेली नव्हती. मग या सगळ्या वायरी ज्या डबीत जात होत्या, ती डबी तिनं उलटी केली. मागे नखाएवढा खटका होता. चार सिलिंडर, सहा, आठ; गाडीला असतील तेवढ्यावर ठेवायचा. खटका आठवर होता.

व्हर्लिननं आयुष्यभर आठ सिलिंडरच्याच गाड्या पळवल्या. ही चारची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली. तिला तो शिलाई मशीन म्हणायचा. खटका आठवर ढकलताना त्याच्या हातानं विचारसुद्धा केला नसणार. त्यामुळे डबी निम्मेच फेरे मोजत होती. दिवा पेटायला इंजिन दुप्पट फिरायला हवं होतं, आणि त्याआधीच त्याचे तुकडे झाले असते.

तेवढ्यात भोंग्यावरून व्हर्लिनचं नाव पुकारलं.

लुएला हलली नाही. वायर आतून गेलीय म्हणायचं, बस. पुढच्या शनिवारी पंखा लावून दुपारभर झोपता येईल. तिला रडू यावं इतका तो विचार गोड वाटला.

भोंगा पुन्हा ओरडला. तिनं मान वळवून वर पाहिलं. व्हर्लिन दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून त्या विझलेल्या दिव्याकडे बघत बसला होता. डोळ्याची पापणी लवत नव्हती.

"अरे व्हर्लिन! तुझं नाव घेतायत! बहिरा झालास काय?" डेल्बर्ट ओरडला.

"ऐकलंय त्यानं!" लुएला खालूनच खेकसली. "येतोय म्हणावं! तू तुझं सँडविच खा!"

तिनं नखानं खटका चारवर ओढला. मग नवऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारून, रेस दे म्हणून हातानंच खूण केली. इंजिन घुमलं, चढत गेलं, आणि दिवा पेटून व्हर्लिनचा सगळा चेहरा लाल झाला.

त्यानं पाय काढला.

"माझं नाव पुकारलं का गं?"

तिनं दोन बोटं दाखवली.

"मला नाही ऐकू आलं," तो म्हणाला. वर्षभर प्रत्येक गोष्ट ओरडून सांगणारा माणूस, पण हे त्यानं इतक्या हळू सांगितलं की तिलाच कान द्यावा लागला. मग दिव्यावर बोट ठेवून म्हणाला, "घरीपण असाच एक लावशील? तू हाक मारलीस की पेटणारा."

"लावीन," लुएला म्हणाली. कंबर धरून ती गाडीबाहेर आली आणि तिनं दार लावून घेतलं. दोन पावलं गेली आणि थबकली. मग गाडीला वळसा घालून ती काचेसमोर, त्याला आपलं तोंड दिसेल अशी उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "लावीन."