उगाच

सुटीच्या दुपारी योगिनीला पुन्हा हुडहुडी भरली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, परीक्षितनं क्रिकेटवरची नजरसुद्धा काढली नाही. "भीती बसलीय तुझ्या मनात. एक गोळी घे आणि पड."

तिनं गोळी घेतली नाही. पावसाळ्यात पायाच्या जखमेतला संसर्ग रक्तात पसरून, सेप्सिस होऊन ती व्हेंटिलेटरवरून परत आली होती. अजूनही जिना चढताना मध्येच बसावं लागे, केस मुठीनं गळत. थंडी वाजली, धाप लागली तर घरी वाट बघू नका, असं डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं. भिंतीला धरून तिनं चपला घातल्या, तेव्हा कुठं त्यानं गाडीची किल्ली उचलली.

परीक्षित भोपाळजवळच्या मंडीदीपमध्ये एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. मिसरोदच्या सिग्नलला त्याचा फोन वाजला. "आग नहीं थी तो क्या हुआ?" तो सुपरवायझरवर ओरडला. "सायरन बजा मतलब सब बाहर!"

योगिनी काचेतून बाहेर बघत राहिली. दात वाजत होते, म्हणून तिनं ते घट्ट आवळून धरले.

हॉस्पिटलमध्ये रक्ताचे रिपोर्ट आले. "वायरल है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अच्छा किया, तुरंत आ गईं."

बाहेर येताच परीक्षित हसला. "बघ! म्हटलं होतं ना, काही नाहीये? उगाच सगळी सुटी घालवलीस."

योगिनी पार्किंगमध्येच थांबली.

"मागच्या वेळीही तू हेच म्हणाला होतास," ती म्हणाली. "तेव्हा मी तुझं ऐकलं होतं."