दुहेरी टीप

फ्रॉक पुन्हा उसवला होता. बगलेपासून थेट कमरेपर्यंत.

शिलाईवालीनं गिऱ्हाइकाचा कोट बाजूला सारला, पोरीच्या अंगातून फ्रॉक ओढून काढला आणि मशीनवर घेतला. पोरगी पेटीकोटवर शेजारी उभी राहिली. शिवणकामाच्या घरात जन्मली, अंगानं एवढीशी, म्हणून घरात तिला गुंडीच म्हणत.

शिलाईवालीच्या हातांना चैन म्हणून नव्हती. जेवताना एक हात ताटात, तर दुसरा कापडावर. स्वस्थ बसलं की छातीत काहीतरी सुटं सुटं हलायचं, म्हणून बाई बसतच नसे. गुंडीचा फ्रॉक शिवायचा, तिच्या अंगात घालायचा, "हात वर. वळ. श्वास घे," म्हणत नव्या टिपेवरून तळवा फिरवायचा, कापड कुठं गोळा झालेलं नाही ना ते बघायचं, की लागलीच पुढचं काम.

उसवायला लागलं तेव्हा आधी तिनं दोऱ्याला नावं ठेवली. मग कापडाला. मग बाकांना खिळे असणार म्हणून शाळेत जाऊन भांडली. शिपायानं बिचाऱ्यानं सगळी बाकं उलटी करून दाखवली, एक खिळा वर आलेला सापडला असेल तर शपथ. वर्गाच्या बाईंनी तर वेगळंच सांगितलं. गुंडी खेळत नाही, पळत नाही, सुट्टीतही भिंतीला पाठ लावून बसते. शिलाईवालीला ते काही पटलं नाही. तिनं सोफ्याच्या खोळीचं जाडजूड कापड आणलं, त्याचा फ्रॉक केला आणि दुहेरी टीप मारली. शेजारीण म्हणाली, हा फ्रॉक पोरीनं घालायचाय, की पाहुण्यांनी त्यावर बसायचंय? शिलाईवालीला हसू आलं नाही. आपल्याला जे मिळालं नाही ते पोरीला द्यायचं, यात थट्टा कसली?

मिळालं नव्हतं ते मागं खाटेवर बसून बटणं लावत होतं. शिलाईवालीची आई. म्हातारीनं लेकीला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी बोट लावलं नाही. बोट लावलं नाही ते दोन्ही अर्थांनी. बाप होता, पण घरात छत्री असते तसा, कोपऱ्यात उभा. दोघंही तोंडात गुळणी धरल्यागत. लेक रडत आली की तिला हातात कापड मिळायचं, बस्स.

आज ती दुहेरी टीपही गेली होती. शिलाईवालीनं कापड उजेडाला धरलं आणि तिचा हात थबकला. फाटलेलं कापड दोरे ओकतं. याची कड चाकूनं कापलेल्या साबणासारखी साफ होती. एक टाका कापलेला, मग थोडे सोडलेले, मग पुन्हा एक कापलेला. उसवायची ही रीत तिची स्वतःची होती. तिच्याशेजारी तासन् तास उभं राहिलेल्या माणसालाच ती ठाऊक असणार.

तिचं डोकं भणभणलं. कुणी केलं म्हणून तिनं विचारलं. गुंडीनं खाली बघत आपलं नाव सांगितलं.

"का गं? आईनं शिवलेलं आवडत नाही?"

तसं नाही, म्हणून गुंडीनं मान हलवली. मग म्हणाली, "शिवून झालं की मगच तू माझ्या अंगावरून हात फिरवतेस."

खोलीत मशीन बंद होती, तरी शिलाईवालीला ती धडधडल्यासारखी वाटली. सवयीनं हातांनी सुई उचलली, दोरा ओवायला घेतला. दोरा नेढ्यात जाईना. उठावंसं वाटत होतं. इस्त्री तापवावी, केर काढावा, पाणी भरावं, काहीही करावं, पण या पोरीच्या डोळ्यांसमोरून हलावं.

खाटेवरून म्हातारी मान वर न करता म्हणाली, "आता बसलीस काय बघत? शिवून टाक आणि मोकळी हो."

हे वाक्य शिलाईवालीला तोंडपाठ होतं. ताप आला तेव्हा, जिवाभावाची मैत्रीण गाव सोडून गेली तेव्हा, बाप वारला तेव्हा, म्हातारीनं तिला एवढंच सांगितलं होतं. ती शिवत गेली होती. मोकळी काही झाली नव्हती. आणि भयंकर गोष्ट ही, की म्हातारी बोलायच्या आधी तेच वाक्य आज तिच्या स्वतःच्या जिभेवर आयतं येऊन बसलं होतं.

"नाही शिवत," ती म्हणाली.

तिनं सुई टोचून ठेवली आणि खाली जमिनीवर फतकल मारली. पोरीपुढं दोन्ही हात केले, आणि तिथंच अडकली. गिऱ्हाइकाचं माप घेताना धरावेत तसे हात, हवेत ताणलेले. पुढं काय करतात ते तिला कुणी दाखवलंच नव्हतं. गुंडी तशीच पेटीकोटवर त्या हातांच्या आत शिरली. तिनं आईचं एक मनगट धरलं, मग दुसरं, दोन्ही हात आपल्या पाठीमागं नेले आणि एकावर एक ठेवून दिले. हातांनी थोडी चुळबूळ केली. मग ते गप्प झाले.

मागं खाटेवर बटणांची खुळखुळ थांबली. म्हातारीनं मान वर केली असावी. तिनं एकदा तरी अशी मान वर करून बघावं म्हणूनच तर शिलाईवाली इतकी वर्षं शिवत आली होती. आज म्हातारी बघतही असेल.

शिलाईवालीनं वळून पाहिलं नाही.