होडीचं दावं

अमृतनानांनी भूपेंद्रला होडी विकली. डोलकाठी दिली, शीड दिलं. शीड वर चढवायचा दोर मात्र सोडून घेतला आणि गुंडाळून खांद्यावर टाकला.

"जनावर इकं का दावं देतस नही."

"नाना, ही होडी आहे," भूपेंद्र म्हणाला.

"मी कोठे बैल म्हनी ऱ्हायनू? पन दावं गयं का घरनी लक्ष्मी जास."

रविवारी दोंडाईच्याहून भूपेंद्रचे सासरे, लोटनआबा, होडी बघायला येणार होते. भूपेंद्र पिंप्राळ्यात घरून काम करायचा, म्हणजे आबांच्या मते करायचा नाही. त्यात ही होडी. आबांनी लेकीला, हेमांगीला, फोनवर बजावलं होतं, "शीड वर गयं तर ठीक. नही तर होडी ट्रॅक्टरमा टाकीसन लई जासू. गव्हाण चांगली व्हई."

भूपेंद्रने बाजार पालथा घातला. नायलॉनचा दोर वारा आला की ताणायचा आणि शीड सैल नाडीच्या लेंग्यासारखं खाली यायचं. सुती दोर भिजून फुगला आणि कप्पीत अडकला. ऑनलाइन मागवलेला बुधवारी येणार होता. शेवटच्या दुकानात त्याच्या तोंडून 'दावं' निघालं, तसं दुकानदाराने विचारलं, "जनावर मारकं आहे का?"

"वारा सुटला की."

"मग साखळीच न्या."

शनिवारी नवरा-बायको चोपड्याला नानांच्या गोठ्यात हजर झाले. दोर तिथेच खुंटीवर लटकत होता. मळका होता, पण बोटभरही ताणत नव्हता. भूपेंद्रने हात जोडले. नानांनी मान हलवली. शेवटी हेमांगी म्हणाली, "देऊच नका, नाना. तुमच्याच हातात ठेवा. फक्त होडीत येऊन बसा."

याच्या आड येणारी कुठलीच रीत नानांना आठवेना.

रविवारी धरणावर शीड टोकापर्यंत चढलं आणि भाजलेल्या पापडासारखं ताठ राहिलं. दोर खिट्टीला गुंडाळायला नानांनी साफ नकार दिला. बांधला म्हणजे दिलाच की. ते डोलकाठीला दोन्ही पाय रोवून, दोर मुठीत आवळून, टोपी घालून ऐटीत बसले. मागे सुकाणूवर भूपेंद्र. नाना म्हणतील तिकडे वळवत होता, कारण समोरचं सगळं नानांच्या पाठीने झाकलं होतं.

आबा काठावर उभे राहून बघत होते. त्यांनी शीड पाहिलं. मग दोर पाहिला, आणि दोर कोणाच्या हातात आहे तेही पाहिलं. ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी हातानेच 'जा' म्हटलं.

होडी काठाला लागली तसे आबा पुढे झाले. जावयाला ओलांडून त्यांनी नानांना वाकून रामराम घातला.

"नाना, जवाईले कामले लाई लिधं, भलतं बेस झायं."