मास्तरची खुर्ची

"मशीन बंद होऊन चालू झालं, की पासवर्ड कोण घालतं?" तिने विचारलं.

"मी," संगणकापुढे बसलेला मास्तर म्हणाला.

"आणि तुम्ही बाहेर गेला असाल तर?"

"मी कुठं जात नाही."

टेबलापलीकडे साहेब गालात हसले. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं होतं आणि स्वतः निवांत मागे रेलले होते. निकाल दुपारीच द्यायचा होता. तिच्या परतीच्या विमानाची वेळ संध्याकाळची होती.

प्रश्न तसा साधा होता. एकशे चाळीस ऑनलाइन दुकानांच्या वेबसाइट या खोलीतल्या एकाच संगणकावरून चालत होत्या, आणि त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम होती घरगुती, डेस्कटॉपची. तीच ठेवायची की सर्व्हरची घालायची, एवढंच तिने सांगायचं होतं. तिचं म्हणणं पटलं तर पुढचं सगळं काम तिच्याकडे येणार होतं.

आणि ते तिला हवंच होतं. नोकरी गेल्यापासून आठ महिने ती घरी बसून होती. 'सध्या काय चाललंय?' या नातेवाइकांच्या प्रश्नाचा तिला वीट आला होता. आता तर नवऱ्यानेही तो विचारायचं सोडलं होतं, आणि ते जास्त लागत होतं.

"ही सिस्टीम एका माणसाने समोर बसून वापरण्यासाठी असते," ती साहेबांना म्हणाली. "अपडेट आलं की स्वतःच बंद होऊन चालू होते. गेल्या महिन्यात अकरा वेळा झालीय. दर वेळी यांनी पासवर्ड घालून एकेक गोष्ट हाताने सुरू करेपर्यंत तुमची सगळी दुकानं बंद. सर्व्हरला समोर माणूस लागत नाही."

"सर्व्हरला व्हायरस लवकर लागतो," मास्तर म्हणाला.

तिला त्याच्याऐवजी लाज वाटली. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोराने असं विधान केलं असतं तर वर्ग हसला असता. आणि हा माणूस काही अडाणी नव्हता. सकाळपासून तिने त्याचं काम पाहिलं होतं. प्रत्येक साइट आपल्या जागी, रोजची प्रत वेगळी काढलेली, कुठे एक फाइल इकडची तिकडे नाही. इतका नेटका माणूस असं अद्वातद्वा का बोलत होता? खुर्ची, दुसरं काय! समोर माणूस लागत नाही म्हटल्यावर मास्तर कशाला लागेल?

असे लोक तिने पाहिले होते. एक किल्ली आपल्याकडे ठेवायची आणि सगळ्या ऑफिसाला नाचवायचं.

साहेबांचा फोन वाजला. ते उठून दाराबाहेर गेले. दार मागे लोटलं गेलं तसा मास्तर पडद्यावरची नजर न हलवता भराभर बोलला.

"ताई, त्यांना सांगा, हे काम मला झेपायचं नाही. चूक झाली म्हणा. संध्याकाळचं विमान मिळेल."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी इतक्या लांब, परक्या देशात, शेपूट घालायला आलेय का?"

"घरी कोण आहे?"

"मुलगी आहे, सहा वर्षांची. का?"

त्याचा चेहरा कित्येक महिने ऊन न लागल्यासारखा फिकट होता. "मग तर जाच तुम्ही," तो म्हणाला.

"बायकांनी घरी बसावं, असंच ना?"

साहेब आत आले. मास्तरचा आवाज एकदम चढला. "साहेब, यांच्या अर्जातच आहे, या बाईंना आठ महिन्यांपूर्वी कामावरून काढलंय. हातात काही असतं तर काढलं असतं का? उगाच गळ्यात बांधून घेऊ नका. आजच्या आज परत पाठवा!"

हे मात्र फार झालं. तिचे कान तापले. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं ते अवसान.

"दुसरं मशीन आहे?" तिने विचारलं.

कोपऱ्यात एक पडून होतं. तिने बाह्या सारल्या. दोन तासांत त्यावर सर्व्हरची सिस्टीम चढवली, तीन दुकानं त्यावर हलवली, आणि साहेबांना म्हणाली, "आता तुमच्या हाताने प्लग काढा."

साहेबांनी प्लग काढला. पंखे थांबले. तिने तो परत लावायला सांगितला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. मास्तर मान खाली घालून नखं कुरतडत होता. तीन मिनिटांत साहेबांच्या मोबाइलवर तिन्ही दुकानं उघडली.

"कुणी हात लावला?" ती म्हणाली.

"कुणीच नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "ठरलं. सर्व्हरच. काम तुमचं, मॅडम."

आठ महिन्यांत प्रथमच तिला मोकळा श्वास आला. मास्तरने चेहरा तळव्यांत झाकून घेतला होता. त्याचे खांदे हलत होते. जिंकल्यावर माणूस उदार होतो, तशी ती झाली.

"मी यांना सगळं शिकवीन," ती म्हणाली. "यांना काढू नका."

"तुम्ही कशाला काळजी करता? तेवढा पासपोर्ट द्या, नोंद करून घेतो."

तिने पर्समधून काढून दिला. साहेबांनी खिशातल्या किल्लीने टेबलाचा खण उघडला आणि कौतुकाने मान हलवली.

"कमाल आहे मास्तर तुझी. बदली माणूस मिळाला की तुला घरी सोडतो, हा शब्द मी दोन वर्षांपूर्वी दिला होता. आणि मिळाला, तर तूच त्याला हाकलत होतास!"

त्यांनी खणातला मास्तरचा पासपोर्ट त्याच्यापुढे टाकला, तिचा त्याच्या जागी ठेवला, आणि खणाला कुलूप लावलं.