डेऱ्यातले मासे

नाव जागेवर होती. उमाजी भोई हुसेनसागरच्या काठावर उभा राहून तिच्याकडे बघतच राहिला. आठ महिन्यांत कुणीतरी ती चुलीत घातली असेल, असं धरूनच तो काचीगुड्याहून खैरताबादपर्यंत पायी आला होता. पण नाव चिंचेच्या सावलीत ओढून ठेवलेली होती. फळ्यांच्या फटींत ताजं डांबर भरलेलं होतं.

म्हणजे कुणीतरी बळकावली. आता भांडण आलं.

आणि भांडायला वेळ नव्हता. त्याची बायको भामा काचीगुडा स्टेशनावर गाठोड्यावर बसून होती. संध्याकाळच्या गाडीनं मनमाडला परतायचं होतं. रझाकारांच्या धास्तीनं दोघं तिथंच, तिच्या भावाकडे पळाले होते. भावानं आता उमाजीला हमालाचा बिल्ला मिळवून द्यायचं कबूल केलं होतं. पोलीस ॲक्शन होऊन महिना लोटला, वाट मोकळी झाली, तेव्हा भांडीकुंडी गोळा करायची, नाव उरलीच असली तर कुणाच्या तरी गळ्यात बांधायची आणि हैद्राबादला कायमचा रामराम ठोकायचा, एवढ्यासाठी दोघं आले होते. तलाव बघून पाघळू नका, गाडी चुकेल, असं भामानं निघताना बजावलं होतं.

तो नावेजवळ गेला. मधल्या आडव्या फळीला बांधलेला मातीचा डेराही तसाच होता. त्यावर ओलं गोणपाट होतं.

या डेऱ्यावरच त्याचं अकरा वर्षं पोट चाललं होतं. निवृत्त मुन्शी बशीरुद्दीनसाहेब दर शुक्रवारी त्याच्या नावेतून मरळ धरायला जात. मरळ मेलेल्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून करंगळीएवढे मासे डेऱ्यात जिवंत ठेवायचे. सकाळ-संध्याकाळ चौथाई पाणी काढायचं आणि तेवढंच तलावाचं घालायचं. सगळं एकदम बदललं तर मासे मरतात. कोरडा हात लावायचा नाही. एखादा मेला तर लगेच उचलून टाकायचा. साहेबांना त्या वासानं मळमळे. उमाजी गळाला आमिष लावू लागला की ते नाकाला रुमाल लावून दुसरीकडे बघत. साहेब दखनीत बोलत, उमाजी मराठीत; अकरा वर्षांत कुणाचं अडलं नव्हतं.

गाव सोडायच्या दिवशी साहेब वाटेतच भेटले होते. त्यांचा पुतण्या तेव्हा रझाकारांच्या कवायतीला जात असे. खरं सांगायची उमाजीची छाती झाली नाही. चार रोजांत येतो, तोवर डेऱ्यातलं पाणी तेवढं थोडं थोडं बदलत जा, असं तोंडाला आलं ते सांगून त्यानं वाट धरली होती. संशय येऊ नये म्हणून मारलेली थाप होती ती. पुढे मनमाडला ती आठवली की त्याला उगाच कसंतरी होई.

मागून खोकल्याचा आवाज आला. उमाजी वळला.

बशीरुद्दीनसाहेब उभे होते. अंगानं निम्मे झालेले. हातात गळाची काठी नव्हती, बालदी होती. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या.

"चार रोज बोलके गए थे, उमाजी," ते म्हणाले.

त्यांनी भामाची चौकशी केली. मग तुटक तुटक बाकीचं सांगितलं. पुतण्या तुरुंगात होता. घराबाहेर पडायचं म्हणजे तलावापर्यंत, तेही खाली बघत. शेजारी त्यांना मछलीवाले मुन्शी म्हणत. फौज शहरात आली त्या दिवशी खैरताबादेत एक दार उघडलं नव्हतं; ते मात्र भिंतीच्या कडेकडेनं बालदी घेऊन आले होते. आणि डांबर त्यांनीच लावून घेतलं होतं, पावसात फळ्या फुगल्या म्हणून.

बोलता बोलता त्यांनी गोणपाट बाजूला केलं. तलावाच्या पाण्यात हात भिजवला आणि डेऱ्यात घातला. उमाजी पुढं वाकला. वीस-बावीस करंगळीएवढे मासे सोडून तो गेला होता. आता पाचच उरले होते, पण एकेक वीतभर. ते साहेबांच्या बोटांभोवती गोळा झाले.

"यांना काय घातलंत, साहेब?"

साहेब ओशाळले. "भूके थे बेचारे. मेरेच नाश्ते का कुलचा, जरा-जरा."

आमिषाला चारा घालत नाहीत. चारा कुजतो, पाणी नासतं. हे भोयाच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणूनच ते सांगायचं उमाजीला सुचलं नव्हतं. कुलचा घातल्यावर पाणी दिवसातून दोनदा बदलून भागलं नसणार. चारदा, पाचदा बदलावं लागलं असणार. आठ महिने. रुमाल नाकाला लावणाऱ्या या माणसाला.

"काम के तो हैं ना?" साहेबांनी भीत भीत विचारलं.

उमाजीनं डेऱ्याची दोरी सोडली. डेरा उचलून तो गुडघाभर पाण्यात गेला आणि हळूच तिरपा केला. पाचही मासे तलावात निघून गेले. साहेब बालदी धरून बघत राहिले. त्यांचा चेहरा पडला.

रिकामा डेरा उमाजीनं विसळला, फळीला पुन्हा पक्का बांधला. मग हात धोतराला पुसले.

"एवढा मासा गळाला लावून चालत नाही, साहेब," तो म्हणाला. "मी स्टेशनावरून भामाला घेऊन येतो. शुक्रवारपर्यंत नवीन धरून ठेवतो. पण या खेपेला कुलचा नक्को."