वरची मूठ

सुलाबाईंनी सोळाव्यांदा मूठ सोडली आणि काटा सोळाव्यांदा वेगळ्याच आकड्यावर थांबला.

बन्सीधरने आकडा वहीत लिहिला. मुंबईहून आलेल्या निर्यात निरीक्षकांनी चष्मा काढून पुसला. दोष चष्म्याचा नव्हता. एकदा ब्याण्णव ग्रॅम, एकदा एकशे आठ, मग एकदम शहाऐंशी. ताडकळसच्या गोदामात हळदीची दोनशे पोती तोंड न शिवता थांबली होती, आणि चाळीस बायका भिंतीला टेकून हा खेळ बघत होत्या.

बन्सीधर जिल्हा परिषदेचा उद्योग विस्तार अधिकारी. दुष्काळ सरल्यावर परिषदेने गावाच्या महिला मंडळाला हळद शिजवायची काहील दिली, पॉलिशचे पिंप दिले, काटे दिले. बन्सीधरने हॅम्बुर्गच्या एका व्यापाऱ्याला नमुन्याचे पोते पाठवले. पंचवीस किलो. मंडळाच्या प्रमुख म्हणून ते सुलाबाईंनी मापले आणि रीतीप्रमाणे वर एक मूठ हळकुंडे टाकली. इकडे माप बोडके देत नाहीत. ज्वारी असो की मीठ, मापून झाले की वर मूठ पडते.

व्यापाऱ्याने विचारले, वजन जास्त कसे? बन्सीधरने प्रामाणिकपणे रीत कळवली. व्यापारी इतका खूश झाला की त्याने मागणीपत्रातच छापून पाठवले : दोनशे पोती, प्रत्येकी पंचवीस किलो, अधिक एक मूठ, नमुन्यातल्यासारखी.

तपासणीच्या दाखल्यात मूठ बसत नव्हती. तिथे फक्त ग्रॅम होते. करारातली प्रत्येक वस्तू ग्रॅममध्ये लिहायची, नाहीतर दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय पोते बंदरात शिरत नाही. व्यापाऱ्याला विचारून उत्तर यायला तीन आठवडे लागले असते. बोट शनिवारी सुटणार होती. पूर्णा स्टेशनात मालगाडीचा डबा उद्या सकाळपर्यंतच उभा राहणार होता. हा माल अडकला तर योजना दुसऱ्या तालुक्याला जाईल, असे सभापतींनी बन्सीधरला बजावले होते. सुलाबाईंची काळजी त्याहून जवळची होती. ओली हळद विकू नका, शिजवा, वाळवा, आपला माल परदेशी जाईल, असे घरोघर जाऊन त्यांनीच सांगितले होते. ती चाळीसही घरे आत्ता भिंतीला टेकून बसली होती.

बसलेल्या बायका हसत होत्या, तेवढेच बरे होते.

"सुले, साहेबाकडं बघून टाकू नको," म्हाताऱ्या नर्मदाबाई म्हणाल्या. "हात आखडायलाय तुझा."

निरीक्षकांनी सोळा आकड्यांची सरासरी काढली. चौऱ्याण्णव ग्रॅम. त्यांनी तोडगा सुचवला : चौऱ्याण्णव ग्रॅमच्या दोनशे पुड्या बांधायच्या आणि प्रत्येक पोत्यात एक रिकामी करायची. सुलाबाईंनी लगेच मान डोलावली. माल जाणे महत्त्वाचे होते.

पहिले पोते आले. पंचवीस किलो झाले, वर पुडी रिकामी झाली. निरीक्षक काट्याकडे समाधानाने बघत होते. सुलाबाईंनी भरलेल्या पोत्याकडे बघितले आणि त्यांचा उजवा हात शेजारच्या टोपलीत जाऊन मूठभर हळकुंडे वर टाकून मोकळा झाला.

त्यांनी जीभ चावली. हळकुंडे काढली आणि हात पाठीमागे लपवला. दुसऱ्या पोत्याला तो हात पुन्हा बाहेर आला. तिसऱ्या पोत्याला नर्मदाबाईंनी त्यांचे मनगट घट्ट धरून ठेवले, तेव्हा मूठ डाव्या हाताने पडली. गोदामात हसण्याचा असा लोट उठला की पत्र्यावरची कबुतरे उडाली. बन्सीधर वहीत तोंड लपवून हसत होता.

निरीक्षकांनी विचारले की एवढे समजावूनही असे का होते.

"साहेब, पुडी तुमी तोलली. तोललेलं मापात गेलं," सुलाबाई म्हणाल्या. "मूठ टाकायची राहतीयाच की."

निरीक्षकांना या तर्कात चूक सापडेना. पुडी तोलली की मूठ उरते, मूठ तोलली की आणखी एक उरते, आणि याला शेवट नाही. त्यांनी बावीस वर्षे काट्यांवर काढली होती. मूठ म्हणजे नुसता सराव असतो, असे सांगून त्यांनी बाही वर केली. चौऱ्याण्णव ग्रॅम ते हाताने टाकून दाखवणार होते.

बायकांनी जागा करून दिली. निरीक्षकांनी मूठ भरली. मग चाळीस बायकांकडे बघितले. मूठ त्यांना जरा कमी वाटली असावी, कारण त्यांनी आणखी दोन हळकुंडे बोटांत धरली. काटा एकशे एक्केचाळीसवर गेला. टाळ्या पडल्या. निरीक्षक कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी पुन्हा मूठ भरली. एकशे त्रेसष्ट. साहेबाच्या हाताला बरकत हाय, असे नर्मदाबाईंनी जाहीर केले. तिसऱ्या वेळी त्यांनी काट्याकडे बघितलेच नाही.

मग ते एका पोत्यावर बसले आणि पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी बन्सीधरला वहीतला सगळ्यात लहान आकडा विचारला. एकाहत्तर, बन्सीधरने शोधून सांगितले. निरीक्षकांनी दाखल्यातल्या एका रकान्यात उभी रेघ ओढून त्याचे दोन केले. डावीकडे लिहिले : किमान, ७१ ग्रॅम. उजवीकडे लिहिले : कमाल. तिथे पेन थांबले.

रकाना रिकामा राहिला तर दाखला परत येईल, असे बन्सीधरने हळूच सुचवले. निरीक्षकांनी आपल्या पिवळ्याधमक तळव्याकडे क्षणभर बघितले आणि लिहिले :

"देणाऱ्याची मर्जी."